सोळा तास सहा मिनिटं

दुसऱ्याने सांगितलेल्या अंतरावर विश्वास न ठेवण्याच्या बाबतीत माझ्या साडूंची बरोबरी करील असा माणूस वर्धा जिल्ह्यात नाही, आणि कुठे असलाच तर त्याने कृपा करून वडनेरला येऊ नये. दोघांना एका ओट्यावर बसवून ऐकण्याइतकं आयुष्य माझ्याकडे उरलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं मोजणीदार होते. दोन भावांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो हे ठरवण्यात त्यांची हयात गेली, आणि तेवढ्या काळात त्यांना खरं बोलणारा एकही भाऊ भेटला नाही. निवृत्तीच्या दिवशी बाकीचे लोक शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. साडूंनी तेही आणलं, पण त्याच्याबरोबर सगळ्या जगाविषयीचा संशयही आणला, आणि तो मात्र त्यांनी भिंतीवर न टांगता रोज वापरायला काढला.

त्यांच्या मते फसवणुकीची सुरुवात अंतर वेळेत सांगण्यापासून होते. कोणी सहज म्हणालं, की माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे, की साडू विचारणार, "कोणाच्या दहा मिनिटावर? तुमच्या का माह्या?" समोरचा हसला तर ते हसत नाहीत. हिंगणघाटच्या एका लग्नाच्या पत्रिकेत कार्यालय 'बसस्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर' असल्याचं छापलं होतं. साडू बसमधून उतरून घड्याळ बघत चालत गेले, बावीस मिनिटं लागली, आणि अक्षता पडायच्या आधी त्यांनी वधूपित्याला गाठून ती पत्रिका पुढे धरली. त्या बिचाऱ्याला वाटलं आहेर देताहेत. त्याने वाकून नमस्कार केला. "नमस्कार राहू द्या," साडू म्हणाले, "बाकीची सतरा मिनिटं कोठी गेली तेवढं सांगा." त्यानंतर पंगतीत बसून त्यांनी वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली, तेव्हा त्यांचा राग माणसांवर नसून फक्त आकड्यांवर असतो हे मला कळलं. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांपैकी कोणता किती पावलं खोटा आहे हे त्यांना पाठ आहे. आमच्या सुदैवाने एवढ्यात ते दगड बदलून हिरव्या पाट्या आल्या. आमच्या दुर्दैवाने साडूंनी त्याही मोजल्या.

इथवर सगळं सहन होण्यासारखं होतं. गावात प्रत्येकाला एखादं वेड लागतं, आणि जागा मोजण्याचं वेड हे जागा बळकावण्याच्या वेडापेक्षा बरं. पण साडूंची एकुलती एक मुलगी लग्नानंतर टोरांटोला गेली, तिला तिथे मुलगी झाली, ती मुलगी चार वर्षांची झाली, आणि तरी साडूंनी नातीला हात लावलेला नव्हता. कारण विचाराल तर सांगायचीही लाज वाटते. नागपूर ते टोरांटो हे अंतर आणि तिथे पोचायला लागणारा वेळ, हे दोन्ही आकडे त्यांना मान्य नव्हते.

झालं असं, की पहिल्यांदा, नात व्हायच्या आदल्या वर्षी, जायचं ठरलं तेव्हा जावयाने त्यांच्या फोनवर एक संकेतस्थळ पाठवून दिलं. दोन शहरांची नावं टाकली की ते त्यांच्यामधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगतं. साडूंनी नागपूर टाकलं, टोरांटो टाकलं. उत्तर आलं: बारा हजार चारशे ऐंशी किलोमीटर, सोळा तास सहा मिनिटं. साडूंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि माझ्या घरी आले. मी निवृत्त मास्तर, म्हणून साडूही मला सरच म्हणतात.

"सर, नागपूरहून टोरांटोले जाणारं इमान कोणतं?"

"तसं थेट विमान नाही. दिल्लीहून जावं लागतं."

"नाई ना. मंग जे इमान नाईच, ते सोळा तास सहा मिनिटात कसं पोचून राह्यलं?"

खरं सांगायचं तर मलाही राग आला. अंतराला एका ठोकळ वेगाने भागायचं, वर अर्धा तास उड्डाण-उतरणीचा टाकायचा, आणि जन्मालाच न आलेल्या विमानाचं वेळापत्रक जगाला सांगायचं. सोळा तास म्हटले असते तर एक वेळ अंदाज म्हणून सोडून दिलं असतं. पण ती वरची सहा मिनिटं. खोटं बोलणारा माणूस नेहमी अशी सहा मिनिटं जोडतो. साडूंनी त्या संकेतस्थळाला सविस्तर पत्र लिहिलं: वडनेरच्या घराच्या फाटकापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत नव्वद किलोमीटर, तिथे तीन तास आधी हजर राहण्याचा हुकूम, दिल्लीला बसून काढायचे तास, पलीकडे उतरल्यावर शिक्क्यांची रांग, हे सगळं या वेळेत का धरलेलं नाही, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. एका मिनिटात उत्तर आलं, की तुमचं मत आमच्यासाठी मौल्यवान आहे. साडूंनी त्यावर आवक क्रमांक टाकून ते फायलीला लावलं आणि जायचं रद्द केलं.

दुसऱ्या वर्षी मेहुणी एकटीच गेली, मुलीच्या बाळंतपणाला. साडूंनी तिच्याजवळ एक वही दिली होती. प्रत्येक ठिकाणी पोचल्याची आणि निघाल्याची वेळ तीत लिहायची होती. सहा महिन्यांनी मेहुणी परत आली. वहीत रवा ढोकळ्याची कृती होती आणि विमानात शेजारी बसलेल्या बाईचा पत्ता होता. साडू म्हणाले, "वेळा?" मेहुणी म्हणाली, "मले झोप लागली होती. उठली तं पोट्टी समोर उभी." हे उत्तर प्रवासाविषयी आजवर मी ऐकलेल्या सगळ्या उत्तरांत चांगलं होतं, पण साडूंनी ते पुरावा म्हणून ग्राह्य धरलं नाही, आणि पुढेही मुलीने पाठवलेली तिकिटं रद्द करायला लावली.

आमच्याकडे परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचं एक मंडळ आहे, हिंगणघाटला. त्याचे अध्यक्ष मे महिन्यात कोट घालतात आणि चहा पिताना करंगळी वेगळी ठेवतात. एका सभेला मी साडूंना घेऊन गेलो, चार माणसं जाऊन आलेली बघून तरी यांना धीर येईल म्हणून. अध्यक्षांनी भाषण केलं. अंतर ही आता कल्पना उरली आहे, म्हणाले. इकडे जेवावं, तिकडे नाश्ता करावा. जग हे आता एक खेडं झालं आहे. टाळ्या झाल्या. साडू उभे राहिले.

"साहेब, त्या खेड्याचा गावनकाशा कोठी भेटन?"

"म्हणजे?"

"खेडं म्हटलं तं शिवार असन, धुरे असतीन, तलाठी असन. कोणत्या तालुक्यात येते?"

अध्यक्षांनी हा विनोद समजून हसायला सुरुवात केली आणि मग साडूंचा चेहरा पाहून थांबले. साडू म्हणाले, "तुमचा पोरगा कधीचा आला नाई?" अध्यक्ष म्हणाले, सात वर्षं. "मंग काहाचं खेडं," असं म्हणून साडू खाली बसले. पुढचा कार्यक्रम लवकर आटोपला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस हट्टी आहे, पण हट्टाच्या बुडाशी काहीतरी दुसरं आहे, आणि ते भीतीही नाही. तेहतीस वर्षं साप-विंचवाच्या रानातून मोजणीची साखळी ओढलेला माणूस विमानाला काय भिणार? मेहुणीचं म्हणणं सोपं होतं. "त्यायले जायचंच आहे, भाऊजी. पण मोजल्याबिगर पाय उचलत नाई हा माणूस."

आणि एक दिवस साडूंनी खरोखरच मोजायला काढलं. शाळेतून जगाचा भिंतीवरचा नकाशा मागून आणला आणि माझ्या पडवीत पसरला. खात्याच्या रिवाजाप्रमाणे मोजणीपूर्वी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते. टोरांटोच्या लगतचे खातेदार वडनेरात नसल्यामुळे त्यांनी मला, माझ्या बायकोला आणि मेहुणीला नोटिसा दिल्या, त्याही पोच घेऊन. ठरल्या वेळी आम्ही तिघं हजर झालो. साडू गुडघ्यांवर बसले, नागपूरवर बोट ठेवलं, अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून, अटलांटिक ओलांडून टोरांटोपर्यंत एक सरळ रेघ पट्टीने मारली, खालच्या प्रमाणपट्टीशी ताडून पाहिली, आणि तीनदा मोजून जाहीर केलं: सतरा हजार आठशे.

"ते सांगतात बारा हजार चारशे ऐंशी. म्हंजे पाच हजार तीनशे वीस किलोमीटर खाल्ले यायनं. हे अतिक्रमण हाये, सर."

मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला. वडनेरच्या तीन पिढ्यांना पृथ्वी गोल आहे हे मी पटवलं आहे, काहींना छडी दाखवून. आणि माझ्याच पडवीत, माझ्याच बायकोच्या साक्षीने, एक सरकारी पेन्शनर पृथ्वी चटईसारखी अंथरून तिच्यावर पट्टी फिरवत होता. शेत मोजताना हे चालतं, कारण शेत सपाट असतं. जगाचा नकाशा सपाट करताना त्याला उत्तरेकडे ओढूनताणून फाकवलेलं असतं, आणि ती पट्टी फक्त विषुववृत्ताजवळ खरी बोलते. मी हे शांतपणे सांगायला हवं होतं. मी शांतपणे सांगितलं नाही. साडूंनी पंचनाम्याचा कागद पुढे केला. मी त्यावर 'अमान्य' असं लिहून सही केली. साडूंनी कागद घडी करून खिशात ठेवला, नकाशा गुंडाळला आणि निघून गेले. तीन आठवडे ते आमच्या ओट्यावर आले नाहीत, आणि मीही गेलो नाही. मला वाटलं, चूक माणसाने करावी, पण इतक्या काळजीपूर्वक करू नये.

मग एका दुपारी टोरांटोहून भाचीचा, साडूंच्या मुलीचा, फोन आला.

"मोठे बाबा, तुमचं आणि बाबांचं बोलणं बंद आहे म्हणे."

"त्यांनी पृथ्वी सपाट केली."

ती हसली नाही. म्हणाली, "काल लेकीने मला विचारलं, आबांना पाय आहेत का? मी म्हटलं, असं काय विचारतेस? तर म्हणते, फोनमध्ये फक्त डोकं असतं." मग ती म्हणाली, "मी आता तिकीट पाठवणार नाही, मोठे बाबा. दर वेळी रद्द करताना मला फार लागतं. हे शेवटचं पाठवते. नाही आले तर नाही."

फोन ठेवल्यावर मला इतका संताप आला, की मी उठून स्वयंपाकघरातला माठ उचलला. तो नेमका भरलेला होता. तो मोरीत ओतला. बायको म्हणाली, "काऊन जी, डोकं फिरलं काय?" मी म्हटलं, पृथ्वी हवी आहे. ओला माठ खांद्यावर, खिशात खडू आणि गोधडी शिवायचा दोरा, असा मी भर उन्हात गावातून साडूंच्या घरी गेलो. वाटेत दोघांनी विचारलं, की माठ परत करायला चाललात का.

साडू ओट्यावर बसले होते. मी माठ पालथा घातला. म्हटलं, बूड वर आलंय तो उत्तर ध्रुव. पोटाचा फुगीर भाग विषुववृत्त. हे नागपूर. आणि हे, पार पलीकडच्या अंगाला, टोरांटो. खडूने दोन ठिपके काढले. "आता ओढा तुमची रेघ. आडवी, पश्चिमेकडून." त्यांनी दोरा माठाच्या पोटावरून आडवा नेला, दुसऱ्या ठिपक्याशी नख लावून धरला. मी म्हटलं, "आता तोच दोरा वरून न्या. बुडाजवळून. ताणून धरा."

साडूंनी दोरा वरून नेला. चार बोटं दोरा उरला.

त्यांनी पुन्हा आडवा नेला. पुन्हा वरून नेला. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेऊन ठिपके पुसले, आपल्या हाताने पुन्हा काढले आणि पुन्हा दोरा लावला. मेहुणी दारात येऊन उभी होती. मोजणीदाराची बोटं चुकत नाहीत. चार बोटं प्रत्येक वेळी चारच उरली. मी जिंकलो होतो, आणि त्यांच्या तोंडून 'मान्य' हा शब्द ऐकायला उत्सुक होतो. साडू त्या उरलेल्या दोऱ्याकडे बघत बसले.

"म्हंजे इतकी जवळ होती," ते म्हणाले.

"कोण?"

"पोट्टी. चार वर्षं मी तिले पाच हजार किलोमीटर उगाच दूर ठेवलं, सर. माहीच पट्टी चुकली."

मेहुणी आत गेली. साडूंनी दोरा नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "आता थेट इमान नाई ते नाईच. पण दिल्लीले किती तास बसवतात?"

ते गेले. जाताना नागपूरला दोन तास लागतात म्हणून सात तास आधी निघाले. विमानात त्यांच्या समोरच्या पडद्यावर नकाशा होता, आणि त्यावर विमान किती पुढे गेलं ते दिसत होतं. शेजारचे लोक सिनेमे बघत होते, साडू पूर्ण चौदा तास पन्नास मिनिटं तो नकाशा बघत होते. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला. "सर, तुमचा माठ बरोबर हाये. वरूनच गेलतो. खाली सगळा बर्फ." फाटकापासून दारापर्यंत सदतीस तास पंचवीस मिनिटं, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या संकेतस्थळाविषयी दहा मिनिटं असं काही बोलले, की इतक्या लांबूनही मला ते गावातच असल्यासारखं वाटलं. मग मागून कोणीतरी लहान आवाजात त्यांना बोलावलं, आणि साडू "आलो, आलो" म्हणत फोन बंद न करताच उठून गेले. बराच वेळ मला त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला, आणि त्या पावलांमागे दुसरी लहान पावलं.

पाच महिन्यांनी परत आले ते जरा वाळले होते. मी म्हटलं, येतानाचे किती तास? ते म्हणाले, "लिहिले नाई." मी विचारलं का. म्हणाले, वही सामानात राहिली. ती वही त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, तिथेच होती, वरचं टोक मला दिसत होतं. त्यानंतर ओट्यावर कोणी दहा मिनिटांवर घर आहे म्हटलं तरी साडू काही बोलेनासे झाले. पत्रिकांमधली पाच मिनिटं बिनविरोध मंजूर होऊ लागली. गावाला यात सुख वाटलं असेल. मला त्याचाही राग आला. इतकी वर्षं ज्याच्यावर चिडायची सवय लागली, त्याने असं न सांगता शहाणं होणं बरं नव्हे.

परवा आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या बाई ओट्याशी आल्या. त्यांची मुलगी परिचारिका आहे, तिला डब्लिनच्या एका रुग्णालयात नोकरी लागली आहे. बाईंना नवरा नाही, दुसरं मूल नाही. गावात अंतराचं काही विचारायचं तर माणूस एकच, म्हणून त्या थेट साडूंकडे वळल्या.

"भाऊजी, डब्लिन म्हणतात ते किती दूर हाये जी? खरं सांगा. तुम्ही खोटं नाई बोलत म्हणून आली."

मी सरसावून बसलो. आता थेट विमान आहे का हे निघेल, मग फाटकापासून मोजणी होईल, रांगा येतील, थांबे येतील. मला बाईंची दया आली आणि साडूंची जुनी भाषा पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून आतून बरंही वाटलं.

"दूर काहाचं," साडू म्हणाले. "जवळच हाये, बाई. पोरगी सकाळी निघाली का, दिवस मावळाच्या आत पोचते."

बाईंचा चेहरा सैल झाला. त्या बराच वेळ मुलीविषयी सांगत उभ्या राहिल्या, काय काय बांधून द्यायचं ते सांगितलं, आणि हलक्या पावलांनी गेल्या. मी भूगोलाचा मास्तर आहे. इतकं धडधडीत खोटं माझ्यासमोर कोणी बोललं नव्हतं, तेही या माणसाने. मी त्यांच्याकडे वळलो.

साडू बाई गेल्या त्या रस्त्याकडे बघत होते.

"पोट्टी गेली का समजनच तिले, सर," ते म्हणाले. "आजपासून काऊन सांगा?"